एका दिवसाचा खंड

हॅलो?… कोण?… अय्या, सर तुम्ही! बोला ना… नाही हो, झोपले नव्हते, कपडे वाळत घालतेय. तोंडात चिमटे होते, म्हणून आवाज तसा आला…

हो, हो… काय म्हणता? प्रवेशाचा अर्ज भरता भरता मुलं लॉगआउट होतायत?… सगळीच?… अरेरे. आणि नेमकी आज शेवटची तारीख…

ओरडू नका, सर, ऐका ना. काल पाचला मी निघाले तेव्हा सगळं सुरळीत होतं. नंतर कॉलेजच्या साइटमध्ये कोणी हात घातला?… खरं सांगा… तुम्ही? व्हिडिओ बघून?… वा! नाही नाही, कौतुकच करतेय.

बरं, बदललंत काय?… कुकीला मुदत घातलीत. छान. 'हा मुलगा आत आलाय' एवढंच सांगणारी ती चिठ्ठी. चिठ्ठी संपली की मुलगा बाहेर… मुदतीच्या जागी, त्या मॅक्स-एजपुढे, आकडा कुठला टाकलात?… तीस?

तीस काय, सर?… मिनिटं? अहो, तिथे सेकंद धरतात!… हो, सेकंद. तीस सेकंदांत तुमचं स्वतःचं नाव तरी लिहून होईल का? पदव्यांसकट?…

हसत नाहीये. ठसका लागला.

दोन मिनिटांचं काम आहे… तुम्ही करता? नको! पाया पडते, हात लावू नका… मी? मी कशी करणार? आज मी कामावर नाही… अहो, तुमच्याच सहीचं पत्र आहे. कालपर्यंत नेमणूक, उद्यापासून पुन्हा अकरा महिने, मधला आजचा दिवस खंड…

'तेवढंच ना' काय, सर? आठ वर्षं हे 'तेवढंच' चाललंय. सलग नोकरी झाली तर मला कायम करावं लागेल, म्हणून दर वेळी एक दिवस घरी बसवता. मागच्या वेळी डबा विसरला होता, तो घ्यायला आले, तर फाटकावरचे काका म्हणाले, 'आज आत सोडता येत नाही, ताई.' त्यांनीच मान खाली घातली. फार लागलं हो मनाला…

नाही, भांडत नाहीये. कसला आवाज येतोय?… पालक खिडकी बडवतायत? प्राचार्यही आलेत? मग पाणी गळ्याशी आलंय म्हणायचं…

करते ना, करते. लॅपटॉप उघडलाय. पण माझं खातं बंद दिसतंय… उघडायला कॉम्प्युटर विभागाला तुमचा मेल लागतो. लेखी आदेशाशिवाय काही करायचं नाही, हा नियम कोणाचा?… तुमचाच. फार चांगला नियम आहे…

लिहा. 'आज तातडीच्या कामासाठी कामावर रुजू व्हावे'… हो, माझं पूर्ण नाव… आजची तारीख घाला, नाहीतर ते परत पाठवतात. मला प्रत… गेला?…

आला. अकरा वाजून सात मिनिटं… हं, खातं उघडलं. तीसला साठनं गुणायचं, अठराशे… टाकले. बघा आता एका मुलाला बसवून… घाई नाही, भरू दे त्याला…

टिकतोय? झालं तर मग! प्राचार्यांना सांगा, मुलं आता अर्धा तास आत राहतील…

आभार कसले, सर? मीच मानते. आज मी कामावर आले ना. तुमच्या लेखी आदेशानं, माझ्या नावानं… हो, म्हणजे खंड पडला नाही…

हॅलो?… आहात ना?… काय? मेल मागे घेता? कालच्या तारखेचा दुसरा पाठवता?… सर, कुकीला मागची तारीख घातली की ती पुसली जाते. मेल नाही पुसला जात…

कोणाला दाखवणार म्हणजे? ज्याला दाखवायचा त्याला दाखवीन. आठ वर्षं तुम्हालाच दाखवत होते ना सगळं?… आवाज चढवू नका… हॅलो?… सर?… अहो, उद्या किती वाजता येऊ ते तरी सां—