दहा ते एक, धुलाईघर

नेरमिन : मार ना! उचल हात. का, लकवा मारला का?

हाब्तोम : नेरमिनभाऊ, काठी खाली ठेवा. ओठ फाटलाय माझा. अजून समाधान झालं नाही?

नेरमिन : कुठलं व्हायला? ही घे आणखी एक!

हाब्तोम : आई गं! अहो, दहा ते एक ही वेळ आमची आहे. बाहेरच्या वेळांच्या फळ्यावर त्या रकान्यात आमच्या घराचं कुलूप लावलंय. मशीनमध्ये तुमचे कपडे दिसले, म्हणून विचारलं फक्त.

नेरमिन : मला नियम शिकवतोस? बोस्नियातून मी स्वीडनमध्ये आलो तेव्हा तुझा जन्म तरी झाला होता का? इमारतीच्या या धुलाईघरात तेव्हापासून कपडे धुतोय मी.

हाब्तोम : मग तुम्हाला तर कुलपाचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला कळायला हवा.

नेरमिन : जीभ चालते तुझी. हात का चालत नाही, सांगू? सोमवारी तू नागरिकत्वाच्या अर्जाला पात्र होतोस. अख्ख्या जिन्यात दारं वाजवून तूच सांगत फिरलास, ‘सोमवारी कॉफीला या, आमच्या रिवाजाप्रमाणे तीन फेऱ्या पाजतो.’ माझंही दार वाजवलंस. आता मारहाणीची एक शिक्षा लागू दे, की बस पुन्हा वर्षानुवर्षं वाट बघत. मला कसली भीती? माझ्याकडे पासपोर्ट आहे.

लेते : हाब्तोम! अरे, हे काय! तोंडभर रक्त... कोणी मारलं?

हाब्तोम : ताई, तू वर जा. काही नाही झालं.

लेते : काही नाही? कामाला निघाले होते, तळघरातून तुझी किंकाळी ऐकू आली. आणि तुम्ही हो! पांढऱ्या केसांना शोभतं का हे? ठेवा ती फरशी पुसायची काठी.

नेरमिन : आली बहीण कैवार घ्यायला! हो बाजूला.

लेते : हात लावू नका... आई गं! कोपर!

हाब्तोम : तिला ढकलायचं नाही!

नेरमिन : नाहीतर काय करशील? सोमवार आठव. आणि तुझ्या टोपलीतलं हे ओलं फडकं कसलं? बुटांना लागलेलं तुझं रक्त पुसायला बरं आहे.

हाब्तोम : ती शाल आहे. आईची. ठेवा खाली.

नेरमिन : बघ, कशी छान पुसली जाते. आता दुसरा बूट.

लेते : नको, हाब्तोम! सोड त्याला! अरे, त्याचं डोकं ड्रायरमध्ये... दार सोड! दार आपटू नकोस! हाब्तोम, पुरे! मरेल तो!

(मशीनचा ड्रम तेवढा फिरत राहतो.)

हाब्तोम : ताई, तो हलत नाहीये.

लेते : श्वास चाललाय. कानामागे फाटलंय. टॉवेल दे. इथे दाब, जोरात.

हाब्तोम : चल वर. कोणी पाहिलं नाही. घसरून पडला म्हणतील.

लेते : रक्त बघ किती चाललंय. टाकून गेलो तर हा इथेच संपेल.

हाब्तोम : फोन केलास तर मी संपेन.

लेते : टॉवेल दाबून धर. सोडू नकोस.

हाब्तोम : अशी बघू नकोस माझ्याकडे. लाव. लाव फोन.

लेते : लावला. रुग्णवाहिका निघाली. पोलीसही येतील. आता नीट ऐक. मी मारलं. तू मला ओढत होतास.

हाब्तोम : वेडी झालीस?

लेते : मी गेल्या वर्षीच नागरिक झाले. माझ्या हातातून नागरिकत्व कोणी काढून घेत नाही.

हाब्तोम : आणि नोकरी? म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला जातेस, पोलिसांच्या दाखल्याशिवाय कोण ठेवेल तुला?

लेते : भांडी घासेन. तू सुदानच्या वाळवंटातून मला पाठीवर आणलंस. तेव्हा मी काही विचारलं होतं का?

नेरमिन : अं... तुमच्या भाषेत काय शिजतंय?

लेते : मान हलवू नका. पडून राहा.

नेरमिन : पाणी... तुझ्या भावानं मारलं. मी सांगणार.

लेते : आधी जगा. मग सांगा.

पोलीस : रुग्णवाहिकेच्या लोकांना वाट द्या. सगळे भिंतीकडे. कोणी मारलं यांना?

लेते : मी.

हाब्तोम : नाही. मी.

लेते : ऐकू नका बाई, तो मला वाचवायला...

हाब्तोम : ताई, बस. तिच्या कोपराकडे बघा, ते यांनी केलंय. काठी तिथे पडलीय, माझ्या पाठीवर वळ आहेत. पण यांचं डोकं मी दारात धरलं. दार मीच आपटलं.

पोलीस : वळांचे फोटो काढू. तेही लिहिलं जाईल. तुम्ही स्वीडनचे नागरिक?

हाब्तोम : नाही. कायमचा रहिवासी. सोमवारी अर्ज करणार होतो.

पोलीस : हं. तुम्हाला आमच्याबरोबर यावं लागेल. हात पुढे करा.

लेते : का बोललास रे? का बोललास?

हाब्तोम : सोमवारी कॉफी पाजताना मला सगळ्यांच्या तोंडाकडे बघता आलं नसतं, ताई.

पोलीस : चला. आणखी काही सांगायचंय?

हाब्तोम : ती शाल तेवढी हिला मशीनमध्ये टाकू द्या. एक वाजेपर्यंत वेळ आमची आहे.