ओढ्याची चव

बसच्या रांगेत एका शिंप्याच्या पुढे उभ्या, एकमेकींना अनोळखी दोन बाया बोलत होत्या.

"समुद्राकडे एकट्याच, ताई?"

"लेकीला शोधायला. गेल्या साली घरामागच्या ओढ्यात वाहून गेली. ओढा नदीला मिळतो, नदी समुद्राला. आणखी कुठे जाईल?"

"मी नदीच्या मुखाशीच राहते. परवा तिन्हीसांजेला एक ओलीचिंब पोर दाराशी आली. घरची वाट विचारत होती."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, धारेच्या उलट चालत जा, बाळ. फाटा लागला की पाणी चाखून बघ. आपल्या ओढ्याची चव कळेलच तुला."

"तरीच! आज उंबऱ्यावर मीठ वाळलं होतं. एवढ्याएवढ्या पावलांचं."

"मग?"

"पुसून काढलं, बाई. आणि दाराला कुलूप लावून निघाले."