चिंचेनं घासलेला मर्क्युरी

लीड्सच्या म्युझियममध्ये जुन्या वस्तू तपासून घेणाऱ्यांच्या रांगेत रश्मी उभी होती. पुढची कुरकुर चक्क मराठीत निघाली, आणि तिचे कान टवकारले.

"एवढं काय तोंड फुगवायचं ते, शार्दूल! देव कसा लखलखीत झालाय."

"आई, हा देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नाही! मर्क्युरी आहे, रोमन देव, रेनेसान्स स्टाइलचा ब्रॉन्झचा पुतळा! तो काळपट रंगच जपायचा असतो. आणि तू चिंचेनं घासलास!"

"मग तांब्यापितळेला काय शाम्पू लावतात?"

"डोन्ट! बाबा फक्त मऊ फडक्यानं पुसायचे. त्यांना जाऊन महिना नाही झाला, आई."

"शार्दूल, लोक बघतायत," सून म्हणाली. "आत सांगू या, आईंना माहीत नव्हतं."

"ऑफ कोर्स माहीत नव्हतं! नाहीतर असं कोण करेल?"

"मी करीन."

"काय?"

"मला माहीत होतं. ह्यांनी शंभरदा बजावलं होतं."

"मग का, आई?"

"रोज संध्याकाळी तासभर ह्याच्यासमोर बसायचे. पस्तीस वर्षं. माझ्याकडे एकदाही तसं बघितलं नाही रे त्यांनी."