संशय मी मास्तरांवर घेतला

मायबापहो, शाळेच्या पटांगणात तुम्ही एवढे जमलात, मला बोलायला उठवलंत. उठलो. गोविंद मास्तरांचं तेरावं काल झालं. आज सगळे त्यांना देवमाणूस म्हणत आहेत. म्हणा. पण मी एकेकाच्या तोंडाकडे बघतो आहे. काहून बघतो, ते सांगतो.

मॅट्रिक झालेल्या पोराला मास्तर एकदम कॉलेजात धाडत नसत. आधी म्हणायचे, "आठ दिवस बस." आठ दिवस वकिलापाशी, आठ दिवस दवाखान्यात, आठ दिवस ओव्हरसियरबरोबर रस्त्याच्या कामावर. परत आलं की पगार विचारायचे नाहीत. विचारायचे, "संध्याकाळी तो माणूस घरी कसा जातो रे? चिडून, की शीळ घालत?" आमचा ओव्हरसियर शीळ घालायचा. मी म्हणालो, मला तेच व्हायचंय. मास्तर म्हणाले, "मग हैदराबादला जा. आधी इंटर सायन्स कर."

गेलो. पण मन कळमनुरीतच राहिलं. स्पष्ट सांगतो, मास्तरांच्या मुलीपाशी राहिलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोष असेल तर माझा एकट्याचा. मास्तरांचं पत्र आलं की मी ते तीनतीनदा वाचायचो. अभ्यास, जेवण, तब्येत. तिचं नाव नाही. काहून नाही? मग त्यांनी लिहिलं, "या सुटीत येऊ नकोस." काहून नको? आणि त्याच आठवड्यात एक कार्ड आलं. खाली सही नाही. "मास्तरच्या घरी लगीन आहे. तू बस पुस्तकं वाचत."

मित्रहो, ज्यांनी चार वर्षं शिकवलं, त्यांच्यावर मी संशय घेतला. ज्यानं स्वतःचं नावही लिहिलं नाही, त्याच्यावर विश्वास ठेवला! परीक्षा टाकली, गाडीत बसलो. हिंगोलीला उतरून मिळेल त्या बैलगाडीनं गाव गाठलं आणि तडक त्यांच्या घरात शिरलो. ओसरीवर पेटी उघडी. आत दोन पांढरी लुगडी.

"तुमी काहून आले? परीक्षा झाली?" ती म्हणाली.

"न्हाई."

"मंग?"

"तुझं लगीन आहे म्हणे."

"पांढऱ्या लुगड्यात?" ती हसली आणि आत गेली.

ती औरंगाबादला नर्सचं शिकायला निघाली होती. तीही दवाखान्यात आठ दिवस बसून आली होती. मास्तर तापानं फणफणले होते. तरी मी ओरडलो, "मला मुद्दाम दूर ठेवलंत!"

ते म्हणाले, "व्हय, ठेवलं. तू इथं असतास तर लोकांनी तुमची नावं जोडली असती, अन् तिचं जाणं बंद पडलं असतं. तुला दूर धाडलं ते माझ्यातल्या बापानं. कुठं धाडायचं, ते माझ्यातल्या मास्तरानं ठरवलं." जरा दम खाऊन म्हणाले, "ओव्हरसियरपाशी आठ दिवस बसलास. तिला काय व्हायचंय, हे एकदा तरी विचारलंस का, येड्या?"

नव्हतं विचारलं. चौथ्या दिवशी ते गेले.

आता मी तुम्हाला विचारतो. ते कार्ड कुणी धाडलं? 'बाप न्हाई, आता कसली नर्स, उरकून टाका पोरीचं' असं परवा पारावर कोण म्हणत होतं? पुढं बसून डोळे पुसणाऱ्यांतला एक आवाज मी ओळखतो. माझे हात शिवशिवत आहेत. पण मी हात उचलला तर बदनाम ती होईल, आणि त्याला तेच हवं असेल.

औरंगाबादच्या दवाखान्यानं तिची जागा अजून राखून ठेवली आहे. परवाच्या गाडीनं काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, लेकीला घेऊन निघणार आहेत. कुणाला अडवायचं असेल, तर त्यानं आत्ता उठावं. नाव सांगावं.

कुणी उठत नाही. बराबर.

मी स्टेशनवर येणार नाही. निरोप द्यायला नाही, लांबून बघायलाही नाही. हे चारचौघांत कबूल करतो, कारण माझा माझ्यावरही भरवसा नाही. काकू परत आल्या की मी हैदराबादला जाईन. पुन्हा नाव घालीन.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी कुणाच्या कानाला लागू नका. मास्तर, माझा नमस्कार घ्या.