बाबांचे बूट

या हो, थोडे पुढे सरका, कानावर पडलेली एक गोष्ट सांगतो. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभा होतो. शेजारी हिमालयातून परतलेले बहीण-भाऊ होते, उन्हाने नाकांची सालपटं निघालेले.

"ताई, आईला तूच सांग."

"मी का? बाबांचं डोकं दुखतंय हे तुला माहीत होतं ना?"

"शपथ घातली होती गं त्यांनी! उंचावर हवा विरळ, एकाचं डोकं दुखलं की सगळ्यांनी खाली उतरायचं, असा नियम. म्हणाले, माझ्यापायी पोरांचं शिखर हुकायला नको."

"फोटो मात्र झकास आले हो तुझे."

"टोमणे नंतर मार. मामा आहे तिकडे इस्पितळात त्यांच्यापाशी. डॉक्टर म्हणाले, शुद्ध येईल."

"येईल म्हणाले. आली, असं नाही म्हणाले."

"आईचं हृदय असं नाजूक. फोनवर कसं सांगणार होतो?"

"म्हणून तर तिला तिकडे न्यायला आलोय. ते बाबांचे बूट आधी पिशवीत घाल. रिकामे दिसले तर दारातच ओळखेल."

"ताई, ती बघ, काचेपलीकडे. हातात काय आहे तिच्या?"

"बाबांच्या चपला. चालून पाय सुजले असतील, म्हणून आणल्यात."

त्या बाबांचं नाव मला कळलं नाही. तरी आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा.