एकाच पोराची तीन नावं

दगडाबाई: लिवा की, नर्सबाई. कोंडीबा. माझा नातू.

वच्छला: थांबा, काट्यावरून काढू नका त्याला. मगाशी रंभाबाईनं हाच आणला होता, महिपती म्हणून. तिच्या आधी आणखी एकीनं.

दगडाबाई: आमची पोरं दिसत्यात एकासारकी. आमच्या केम गावच्या हिरीचं पानीच तसं. लगीन हून आले तवा मी पंधरा दिस दिरालाच धनी समजून भाकरी वाढत हुते!

वच्छला: आणि बेंबीशेजारी बिब्ब्याचे तीन डाग? तेही पाण्यानं उठले?

दगडाबाई: हिरीत बिब्ब्याचं झाड पडलंय नव्हं का. तवापास्नं पोरं डाग घिऊनच जन्मत्यात. परवा तर कोंबडीचं पिल्लू बी—

वच्छला: आजी, बाया हसतायत, मी हसत नाहीये. वहीत तुमचा कोंडीबा दिवाळीपासून दोन रत्तल वाढलाय. ते वाचून आमच्या संस्थेचे डॉक्टर म्हणाले, केमची पोरं सुधारली, आता दुसऱ्या गावी जा.

दगडाबाई: आँ? मंजी दूध बंद?

वच्छला: दूध, औषध, सोलापूरहून माझं येणं, सगळं बंद. खरा कोंडीबा कुठाय?

दगडाबाई: मामाच्या गावाला. मामानं घोडं घेतलंय त्याला.

वच्छला: आठ महिन्यांच्या पोराला?

दगडाबाई: घोडं बी बारकंच हाय.

वच्छला: आणि सून? दर वेळी तुमच्या मागं उभी असते. आज का नाही आली?

दगडाबाई: कोंडीबापाशी बसलीया, घरात. हगवन लागलीया त्याला. तीन दिस झालं. काल सांजपास्नं रडत बी न्हाय.

वच्छला: आणि तुम्ही दुसऱ्याचं पोर घेऊन रांगेत उभ्या!

दगडाबाई: काट्याला टांगल्याबिगर दूध देता व्हय तुमी? आन टांगू कसं? थोरल्या नातीला हितंच टांगली हुती, तुमच्या आदीच्या बाईनं. शिपायानं वजन वरडून सांगितलं, समद्या चावडीम्होरं. बाया म्हनल्या, आगं बया, केवडी गुटगुटीत! आठव्या दिशी पोरगी गेली.

वच्छला: दृष्ट लागून नाही गेली ती.

दगडाबाई: मग कशानं गेली? सांगा की. कोन आलं हुतं बगाया?

वच्छला: कुणी नाही.

दगडाबाई: मग!

वच्छला: घर किती लांब आहे?

दगडाबाई: मारुतीच्या मागं. पर चावडी सोडून जायाचा हुकूम न्हाय तुमाला. तुमीच सांगत हुता.

वच्छला: नाहीच आहे. (शिपायाला) सिद्धाराम, रांग थांबव. आणि आजपासून वजन ओरडायचं नाही, गुपचूप लिहायचं. चला आजी, पुढं व्हा.

(दगडाबाईच्या घरात)

वच्छला: सूनबाई, डोकं असंच उचलून धरा. आजी, ते उकळून गार केलेलं पाणी आणा. चिमूटभर मीठ, थोडी साखर. चमच्याच्या टोकानं पाजा, घाई नको.

दगडाबाई: आन पानी? पानी तर तोडलंय आमी तीन दिस. वरनं वतायचं आन खालनं जायाचं, म्हनून.

वच्छला: म्हणूनच इतका सुकलाय.

दगडाबाई: ...मीच तोडाया लावलं वो. सून देते म्हनत हुती.

वच्छला: आता द्या. संध्याकाळच्या गाडीनं सोलापूरला न्यायचाय. तोवर पोटात काहीतरी टिकायला पाहिजे.

दगडाबाई: वाचंल का?

वच्छला: मला माहीत नाही. किती चमचे गेले?

दगडाबाई: धा.

वच्छला: आजी, तुम्ही सांगाल त्यावर मी पुढचं ठरवणार.

दगडाबाई: चार. त्यातलं दोन भाईर आलं.

वच्छला: मग दोन. पुढचा हळू.

दगडाबाई: ...तीन, बाई. ह्यो आत ऱ्हायला.