वैरणीच्या खोलीतला खोकला

आमच्या मालकांना टीबी न्हाई म्हंते न्हवं मी, आप्पासो! — किती डाव सांगायचं? स्थळ तुमी आणलं, मग मलकापूरवाल्यांना तुमीच नीट सांगायला नको व्हय? पत्रिका जुळत न्हाई म्हनं! आवं, आमच्या सृष्टीला बघून, पोहं खाऊन, पसंत हाय म्हनून उठली हुती की मानसं — मागनं खोकल्याचा आवाज आल्यावर बरी पत्रिका बिघडली! ‘चंद्राबाई, शांत व्हा’ म्हनू नका मला. बीपीच्या गोळीनं छाती खाल्ली आमच्या मालकांची. जलम मिलिटरीत घालवला, बर्फात काय झालं न्हाई, आन घरी आल्यावर गोळीनं घात केला. खोकला आला की गावातला डाक्टर म्हनायचा, धूळ हाय, उसाचा पाला जाळताय त्याचा धूर हाय — घ्या बाटली. आन गोळी? ती चुकवू नका! मी कशाला चुकवतीय — रोज सकाळी मीच हातावर ठेवायची. शेवटाला मिरजंच्या मोठ्या डाक्टरनं सांगितलं, गोळीनं फुप्फुस आखडलंय, लाखात एखाद्याला हुतं असं. लाखात एक — त्यो बरा आमच्याच घरात घावला! गोळी बदलली, पर गेलं ते गेलं. आता ह्यात दुसऱ्याला लागण्यासारखं काय हाय, सांगा की!

काय? — वडील का दिसलं न्हाईत म्हंत्यात? तासगावला गेल्यात म्हनून सांगितलं हुतं की तुमच्यादेखत… व्हय, न्हवतं गेलं. वैरणीच्या खोलीत बसवलं हुतं. मीच. म्हटलं, मानसं जाईस्तोवर कळ काढा. तोंडात टावेल कोंबून बसलं हुतं, आप्पासो, सोताच्या लेकीला बघायला आल्याल्या दिवशी — डोळं लालभडक, कपाळाच्या शिरा तट्ट — आन हिकडं मी बाई हसून च्या देतीया. लाज कशी वाटली न्हाई मला? एवढं करून निसटलाच खोकला. सांजच्याला मला म्हंत्यात, चुकलं गं माझं. त्यांचं चुकलं!

व्हय, आष्ट्याचं स्थळ चांगलं हाय, ऐकलं. पोरगं नोकरीला, घरची बागायत — बरं. … काय म्हनला? तेवढा दिवस मालकांना पावण्यांकडं धाडा? जिभंला काय हाड हाय का न्हाई तुमच्या? उठा. न्हाई, उठाच. आष्टेकरांना सांगा, पोरीचा बाप पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून बसंल, तिथंच खोकंल, आन खोकत खोकतच पोरगी दाखवंल. चालत असंल तर या म्हनावं. न्हाईतर पोरगी जड झाली न्हाई मला. — चपला तिकडं हायत. निघा.